मोठे व्हॉल्व्ह बसवलेल्या हेडचं कॉम्प्रेशन पुन्हा पुन्हा का उतरतं?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. इंजिनाच्या हेडला मोठे व्हॉल्व्ह घातले, नव्या सीट रिंगा (व्हॉल्व्ह बंद होताना ज्यांवर टेकतो त्या कड्या) बसवल्या, पहिले तीन-चारशे किलोमीटर गाडी छान पळाली. मग सकाळी किका वाढल्या, आयडल डळमळायला लागलं, आणि एकदा खंबाटकी घाट दाबून चढवल्यावर सायलेन्सरमधून फटफट ऐकू येऊ लागली. हेड उतरवलं, व्हॉल्व्ह लॅप केले (पेस्ट लावून सीटवर घासले), पोर्टमध्ये रॉकेल ओतून पाहिलं, थेंबही गळला नाही. बसवलं. पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तेच.

दुसऱ्यांदा पेस्ट हातात घेण्याआधी थांबा. गळती सीटवर दिसते, पण ती जन्माला येते सीटच्या आधीच्या कामात: गाईडचा (व्हॉल्व्हची दांडी, म्हणजे स्टेम, जिच्यात सरकते त्या नळीचा) अक्ष, रिंगेसाठी कापलेला खड्डा आणि रिंगेची पकड (रिंग खड्ड्यापेक्षा जेवढी मोठी असते ते माप). या तिन्हींपैकी एकही गोष्ट पेस्टने सुधारत नाही. उलट पेस्ट त्या झाकते.

झाकते ती अशी. गाईड ढिली असेल किंवा सीट गाईडच्या मध्याशी जुळत नसेल, तरी लॅपिंग करताना हाताने फिरवलेला व्हॉल्व्ह थोडा कलून सीटला जाऊन बसतो. दहा मिनिटं घासल्यावर दोन्हीकडे एकसारखा करडा पट्टा उमटतो आणि काम झालं असं वाटतं. इंजिनात मात्र वर स्प्रिंग असते, रॉकर स्टेमच्या टोकाला बाजूला ढकलतो, आणि स्टेमला गाईड म्हणेल तिथेच जावं लागतं. व्हॉल्व्ह आधी एका कडेला टेकतो आणि मग वाकून, घसरत बाकीची कड गाठतो. दर दोन फेऱ्यांना एकदा हे होत राहतं. काही तासांत सीटची एक बाजू रुंद होते, दुसरी बाजू जळते. रॉकेलची चाचणी थंड हेडवर, स्थिर व्हॉल्व्हवर होते, म्हणून तिच्यात यातलं काहीच दिसत नाही.

हेड उतरवण्याआधी

आधी टॅपेट, म्हणजे रॉकर आणि स्टेमचं टोक यांच्यातला क्लिअरन्स, मोजा, इंजिन पूर्ण थंड असताना, आणि आकडा लिहून ठेवा. क्लिअरन्स कमी झाला असेल तर व्हॉल्व्ह वर सरकलाय, म्हणजे सीट झिजतेय, रिंग खड्ड्यात आणखी आत बसलीय किंवा व्हॉल्व्हचं डोकं ताणलं गेलंय. क्लिअरन्स वाढला असेल तर बहुतेकदा दोन शक्यता असतात: रॉकर किंवा कॅम झिजलाय, नाहीतर व्हॉल्व्ह वाकून सीटपासून सुटा लटकतोय. दर वेळी वेगळा आकडा येत असेल तर रिंग खड्ड्यात हलतेय असा संशय पहिल्यांदा घ्या. एवढ्या एका मोजमापाने अर्धा रस्ता कळतो. तरी बहुतेक जण टॅपेट आधी ‘सेट’ करून टाकतात आणि पुरावा पुसतात.

मग लीकडाऊन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (सगळ्यात वरच्या टोकाला), क्रॅंक पक्का धरून, प्लगच्या भोकातून 7 बार हवा सोडा. गळती 10 टक्क्यांच्या आत असेल तर हेड ठीक आहे. 20 टक्क्यांच्या पुढे गेली तर कान लावा. कार्ब्युरेटरच्या तोंडात फुसफुस म्हणजे इन्टेक, सायलेन्सरमध्ये म्हणजे एक्झॉस्ट, क्रॅंककेसच्या ब्रीदरमध्ये म्हणजे पिस्टन रिंगा. शेवटचं निघालं तर हेडला हात लावूच नका.

कॉम्प्रेशन गेजवर विसंबत असाल तर एक ध्यानात ठेवा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे आणि इथे हवेचा दाब सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी असतो. समुद्रसपाटीला जे इंजिन 12 किलो दाखवेल ते इथे 11.2 च्या आसपास दाखवणार. मुंबईच्या कुणी सांगितलेल्या आकड्याशी तुलना करून हेड उतरवू नका. आपल्याच इंजिनाचा, काम झाल्याच्या दिवशीचा आकडा हाच खरा मापदंड. मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा, नाहीतर आकडा आणखी खाली येईल.

हेड टेबलावर आल्यावर

पहिली चाचणी ब्लूची, म्हणजे कुठे टेकतं ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाची. व्हॉल्व्हच्या 45 अंशांच्या तोंडावर ब्लूचा अगदी पातळ थर लावा, व्हॉल्व्ह सरळ खाली सोडा, अंगठ्याने एकदा दाबा आणि न फिरवता उचला. फिरवलात तर सगळीकडे रंग पसरेल आणि चाचणी वाया जाईल. सीटवर कुठे रंग लागला नाही ते पाहून त्या जागी हेडवर पेन्सिलने खूण करा. सीट पुसून घ्या, व्हॉल्व्ह 90 अंशांनी वळवून पुन्हा तेच करा. कोरी जागा हेडच्या खुणेपाशीच राहिली तर सीट वाकडी आहे. ती व्हॉल्व्हबरोबर सरकली तर व्हॉल्व्ह वाकलाय. पाच मिनिटांचं काम आहे, आणि यानंतर कुणाला दोष द्यायचा याबद्दल वाद राहत नाही.

दुसरी गोष्ट गाईड. वर, मध्ये आणि खाली अशा तीन जागी आतला व्यास मोजा, स्टेमही तसाच तीन जागी. 5 ते 7 मिमीच्या स्टेमला इन्टेकला 0.02 ते 0.04 मिमी आणि एक्झॉस्टला 0.03 ते 0.05 मिमी क्लिअरन्स चांगला. 0.10 च्या पुढे गेलेल्या गाईडवर कुठलाही कटर चालवण्यात अर्थ नाही, कारण कटरचा पायलट (गाईडमध्ये घालायची मार्गदर्शक सळई) त्याच ढिल्या भोकात डुलणार. गाईडची दोन्ही टोकं कर्ण्यासारखी पसरलेली असतील तर मधलं माप कितीही चांगलं येवो, गाईड बदला.

तिसरी गोष्ट रिंग. हेड ओव्हनमध्ये 120 अंशांपर्यंत तापवा आणि पितळी सळईने रिंगेवर चारही बाजूंनी हलकं टकटक करा. घट्ट रिंग हेडसकट एकच ठोस आवाज देते, सुटलेली रिंग खुळखुळीत वाजते. बरोबर आणखी एक खूण शोधा: रिंग आणि ॲल्युमिनियम यांच्या सांध्यात काळी कार्बनची रेघ. कार्बन तिथे शिरलाय म्हणजे गॅस तिथून जातोय.

शेवटी भेगा. हेड धुऊन, सुकवून डाय पेनिट्रंट मारा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुसा आणि पांढरा डेव्हलपर फवारा. दोन सीटमधला पूल (मधली अरुंद भिंत) आणि एक्झॉस्ट सीट ते प्लगचं भोक या दोन जागा काळजीपूर्वक बघा. तिथे केसाएवढी लाल रेघ उमटली तर पुढचं मशीनिंग थांबवा.

गाईड आधी, सीट नंतर

या कामात एकच क्रम बरोबर आहे. आधी गाईड बसवायची, रीमर मारून मापाला आणायची, मग तिच्याच अक्षावर रिंगेचा खड्डा कापायचा, रिंग बसवायची आणि पुन्हा त्याच अक्षावर सीटचे कोन कापायचे. खड्डा कापून झाल्यावर गाईड बदलली तर सगळं काम पाण्यात. नवी गाईड जुन्याच भोकात गेली तरी तिचा आतला अक्ष दोन-तीन शतांश मिलिमीटर सहज हलतो, आणि इथे सहन होणारा रनआऊटच (फिरवताना दिसणारा डुलका) तेवढा असतो.

गाईडचा बाहेरचा व्यास हेडच्या भोकापेक्षा 0.03 ते 0.05 मिमी मोठा हवा. हेड 130-140 अंशांना तापवा, गाईड फ्रीझरमध्ये ठेवा, खांदा असलेल्या मॅन्ड्रेलने (ठोकायच्या दांड्याने) दाबा. बसल्यावर आतलं भोक आवळतं, म्हणून रीमर नंतर. रीमर हाताने, कटिंग ऑइल लावून, घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवत काढा. उलटा फिरवला की धार बोथट होते आणि भोकात ओरखडे पडतात.

आता खड्डा. पुण्यातल्या बहुतेक दुचाकींच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह तिरके असतात, त्यामुळे गाईड स्पिंडलला समांतर येईल असं हेड अँगल प्लेटवर किंवा फिक्श्चरवर बांधावं लागतं. चूक इथे होते. हेडच्या वरच्या सपाट तोंडावरून कोन मोजून सेटिंग केली जाते आणि गाईडमध्ये डायल फिरवली जात नाही. गाईडमध्ये घट्ट बसणारी ग्राउंड सळई घाला, स्पिंडलवर डायल लावा, सळईच्या बुडाशी आणि 50 मिमी वर अशा दोन उंचींवर फिरवा. दोन्ही जागी काटा 0.01 मिमीच्या आत राहिला पाहिजे. एकाच उंचीवर जुळवलेला अक्ष दुसऱ्या उंचीवर तिरका असू शकतो, आणि तिरक्या खड्ड्यातली रिंग एका बाजूने खोल, दुसऱ्या बाजूने उथळ बसते. मग सीट सरळ करताना एका बाजूची रिंग जास्त कापली जाते आणि भिंत पातळ होते.

ॲल्युमिनियमवर 35-37 मिमीचा खड्डा बोअरिंग टूलने मिनिटाला 400-450 फेऱ्यांवर, रॉकेलची धार सोडत कापा. शेवटचा काप व्यासावर 0.2 मिमी. खड्ड्याचा तळ काटकोनात आणि कोपरा तीक्ष्ण हवा. कोपऱ्यात टूलची गोलाई राहिली तर रिंग तिच्यावर टेकते, तळाला लागत नाही. खड्ड्याचा टेपर आणि लंबगोलपणा प्रत्येकी 0.01 मिमीच्या आत ठेवा. भिंत खरखरीत असेल तर बोअर गेज उंचवट्यांवर टेकून घट्ट माप दाखवतो, पण रिंग घुसताना ते उंचवटे चेपतात आणि खरी पकड कमी उरते.

मोजण्याच्या वेळेबद्दलही बोलायला हवं. मशीनवरून उतरलेलं हेड कोमट असतं. 37 मिमीच्या ॲल्युमिनियमच्या खड्ड्यात 20 अंशांच्या फरकाने सुमारे 0.017 मिमी माप बदलतं. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये हेड आणि गार कपाटातली रिंग वेगवेगळ्या वेळी मोजलीत तर पकडीचा हिशोब तिथेच चुकला. दोन्ही एका टेबलावर तीन-चार तास शेजारी ठेवा आणि मग मोजा.

पकड किती, आणि रिंग कशी बसवायची

ॲल्युमिनियमच्या हेडला 35-38 मिमी व्यासाच्या रिंगेसाठी 0.10 ते 0.13 मिमी पकड ठेवा. कास्ट आयर्नच्या हेडला 0.05 ते 0.08 पुरते, कारण तिथे रिंग आणि हेड जवळपास सारखेच फुगतात. ॲल्युमिनियम लोखंडाच्या दुप्पट फुगतं. म्हणून 0.05 मिमीवर बसवलेली रिंग थंड असताना घट्ट लागते आणि घाटात सुटते. उलट बाजूही आहे. 0.18-0.20 ठोकली तर तापलेली रिंग चहूबाजूंनी इतकी आवळली जाते की तिची धातू कायमची दबते. थंड झाल्यावर तीच रिंग आधीपेक्षा लहान झालेली असते आणि ढिली पडते. मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असेल आणि एक्झॉस्ट सीट जास्त तापत असेल, तर योग्य पकडीतली रिंगसुद्धा याच मार्गाने सुटते.

बसवताना तापमानाचा हिशोब कागदावर करा. 37 मिमीचा खड्डा 25 वरून 170 अंशांवर नेला तर साधारण 0.12 मिमी मोठा होतो. तेवढ्याच व्यासाची रिंग घरच्या फ्रीझरमध्ये उणे 18 पर्यंत गार केली तर 0.017 मिमी आकसते. एकूण 0.14. पकड 0.12 असेल तर 0.02 मिमी मोकळीक मिळते आणि रिंग जवळजवळ आपल्या वजनाने आत जाते. ड्राय आइस मिळाला, उणे 78 पर्यंत, तर आकसणं 0.04 च्या वर जातं आणि काम निवांत होतं. ड्राय आइस हाताळताना जाड हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा.

हेड इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये तापवा आणि ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर पाऊण तास आत राहू द्या. गॅसचा बर्नर एका जागी लावून तापवलेलं हेड वाकतं आणि खड्डा लंबगोल होतो. 200 अंशांच्या पुढे जाऊ नका, ॲल्युमिनियमची हीट ट्रीटमेंट उतरते. इन्फ्रारेड गनवर विश्वास टाकू नका. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती बरंच कमी तापमान दाखवते आणि तुम्ही हेड जास्त तापवून बसता. स्पर्शाचा थर्मोकपल वापरा.

रिंग फ्रीझरबाहेर आली की काही सेकंदांत ती गरम होऊ लागते, म्हणून मॅन्ड्रेल, पायलट, हातोडी सगळं आधी मांडून ठेवा. रिंग तळाला लागेपर्यंत थांबू नका, आणि लागल्यावर हेड कोमट होईपर्यंत मॅन्ड्रेलने दाबून धरा. रिंगेच्या आत जाणाऱ्या कडेला 0.5 मिमीचा चॅम्फर नसेल तर ती कड रंध्यासारखी भिंत सोलत जाते. हेड पुरेसं न तापवता ठोकलेल्या रिंगेच्या कडेला बारकाईने पाहा: चांदीसारखी चमकणारी, कुरळी ॲल्युमिनियमची साल वर आलेली दिसते. तशीच साल रिंगेखालीही अडकलेली असते. रिंग तळाला टेकलेली नसते, तिची उष्णता हेडमध्ये जात नाही, आणि काही शे किलोमीटरनंतर साल चेपून रिंग खाली सरकते. टॅपेट घट्ट होण्याचं आणि कॉम्प्रेशन उतरण्याचं हे एक अगदी नेहमीचं कारण आहे, आणि लॅपिंगने ते जन्मात सुटणार नाही.

इन्टेक आणि एक्झॉस्टचे दोन्ही खड्डे आधी कापून घ्या आणि दोन्ही रिंगा एकाच तापमानात बसवा. एक रिंग बसवून मग हेड पुन्हा तापवलं तर पहिली हलण्याचा धोका असतो.

सुटलेल्या रिंगेभोवती सेंटर पंच मारून ॲल्युमिनियम आत ढकलणं, किंवा लॉकिंग लिक्विड लावून तीच रिंग परत बसवणं, दोन्ही टाळा. पंचाच्या खुणा पहिल्या दोन-चार तापण्यात मोकळ्या होतात, आणि लॉकिंग लिक्विड एक्झॉस्ट सीटच्या तापमानाला टिकत नाही. निसटलेली रिंग पिस्टनवर पडली तर पिस्टन, व्हॉल्व्ह आणि बहुतेकदा हेडही जातं. खड्डा मोठा करून पुढच्या मापाची रिंग हाच उपाय.

रिंग बदलायची गरज आहे का?

मूळ रिंगेचा बाहेरचा व्यास नव्या व्हॉल्व्हपेक्षा दीड-दोन मिमी मोठा असेल, तर ती काढूच नका. अर्धा ते एक मिमी मोठा व्हॉल्व्ह बऱ्याचदा मूळ रिंगेतच बसवता येतो, आणि कारखान्यात बसवलेल्या रिंगेइतकी पकड बाहेर मिळवणं कठीण असतं.

रिंग बदलायचीच तर पूल मोजा. दोन्ही व्हॉल्व्हच्या केंद्रांमधलं अंतर घ्या आणि त्यातून दोन्ही रिंगांच्या व्यासांच्या बेरजेचा अर्धा भाग वजा करा. केंद्रांत 38 मिमी, रिंगा 37 आणि 33 च्या, तर पूल 3 मिमी. तिरक्या व्हॉल्व्हच्या हेडमध्ये हा पूल चेंबरच्या पृष्ठभागावर सगळ्यात अरुंद असतो, तिथेच मोजा. 2 मिमीच्या खाली गेलात की तो तडकण्याची तयारी ठेवा. प्लगच्या भोकाकडची भिंतही तशीच बघा.

फायदा किती, तेही मोजून घ्या. 32 चा व्हॉल्व्ह 34 केला तर क्षेत्रफळ सुमारे 13 टक्के वाढतं. पण व्हॉल्व्हची कड सिलिंडरच्या भिंतीपासून एक मिमीवर आली तर त्या बाजूने हवा जवळपास जातच नाही. आणि थ्रोट (सीटच्या लगेच आतला पोर्टचा अरुंद गळा) जुन्याच मापाचा ठेवला तर मोठ्या व्हॉल्व्हचा उपयोग शून्य. थ्रोट व्हॉल्व्हच्या 86 ते 88 टक्के ठेवा, 34 ला साधारण 29.2 ते 29.9 मिमी.

सीटचे कोन

आधी 45, मग वरून 30, शेवटी आतून 60. वरचा 30 चा काप पट्ट्याची बाहेरची कड ठरवतो, आतला 60 चा काप रुंदी ठरवतो. पट्ट्याची बाहेरची कड व्हॉल्व्हच्या कडेपासून 0.3 ते 0.5 मिमी आत हवी. तापल्यावर व्हॉल्व्ह फुगतो, आणि पट्टा अगदी कडेला असेल तर पातळ कड जळते. इन्टेकचा पट्टा 1.0 ते 1.2 मिमी, एक्झॉस्टचा 1.4 ते 1.6. एक्झॉस्टला जास्त, कारण त्या व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. जास्त हवा मिळावी म्हणून एक्झॉस्टचा पट्टा पाऊण मिमीवर आणणारे लोक भेटतात. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ते करू नका.

कटर झाल्यावर गाईडमध्ये पायलट घालून सीटवर डायल फिरवा. रनआऊट 0.03 मिमीच्या आत असला की सीट पास. पट्ट्यावर लहान लहान पैलू दिसत असतील तर पायलट ढिला आहे किंवा फेऱ्या जास्त आहेत. रिंग कापताना 150-200 फेऱ्या पुरेत, आणि हाताने कापत असाल तर दाब एकसारखा, वरून सरळ.

एवढं झाल्यावर लॅपिंग फक्त तपासणीपुरतं: बारीक पेस्ट, पंधरा-वीस सेकंद. पट्टा एकसारखा दिसला की पेस्ट पुसा, आणि हेड रॉकेल-साबणाने धुऊन गाईडमधून ब्रश फिरवा. गाईडमध्ये राहिलेली पेस्ट आठवडाभरात नवी गाईड खाऊन टाकते.

व्हॉल्व्ह आणि त्याच्या वरचं

मोठा व्हॉल्व्ह बऱ्याचदा दुसऱ्या इंजिनाचा असतो, पुण्याच्या नाना पेठेतून आणून लेथवर उतरवलेला. व्ही ब्लॉकवर फिरवून तोंडाचा रनआऊट 0.03 च्या आत आहे का पाहा. डोक्याची सरळ कड इन्टेकला निदान 0.8 मिमी आणि एक्झॉस्टला 1 मिमी उरली पाहिजे. स्टेमचं टोक घासून लांबी जुळवायची असेल तर अर्ध्या मिमीच्या पुढे जाऊ नका. कडक थर तिथे पातळ असतो, तो गेला की टोक रॉकरखाली मशरूमसारखं पसरतं आणि टॅपेट पुन्हा हलतो. एक्झॉस्टला चुंबक लावून बघा. उष्णता सोसणाऱ्या ऑस्टेनिटिक स्टीलचं डोकं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर तो व्हॉल्व्ह एक्झॉस्टच्या कामाचा नाही. सोडियम भरलेला पोकळ व्हॉल्व्ह असण्याची शक्यता असेल तर त्याला लेथवर धरूच नका.

सीट किती खोल गेली त्यावर स्प्रिंगची बसवलेली उंची बदलते. 0.7 मिमी खोल गेली तर स्प्रिंग तेवढी मोकळी झाली, दाब उतरला, आणि जड झालेला व्हॉल्व्ह वरच्या फेऱ्यांना सीटवर उसळायला लागतो. 0.7 ची शिम घाला. मग पूर्ण लिफ्टवर स्प्रिंगच्या वेढ्यांत मिळून निदान 1 मिमी फट आणि रिटेनर ते ऑइल सील निदान 1 मिमी आहे का तपासा.

पिस्टनशी अंतर मातीने मोजा, मुलांच्या खेळण्याची मऊ माती चालते. पिस्टनच्या खाचांवर थर लावा, हेड बसवा, टॅपेट लावा, हाताने दोन पूर्ण फेऱ्या द्या, हेड काढून माती कापून जाडी मोजा. इन्टेकला 1.5, एक्झॉस्टला 2 मिमी हे किमान. खाचेच्या बाजूच्या भिंतीपासूनही 1 मिमी हवं. मोठा व्हॉल्व्ह वरून मोकळा असतो आणि कडेने घासतो. वारंवार वाकणाऱ्या व्हॉल्व्हचं उत्तर पिस्टनवरच असतं: खाचेच्या कडेला नखाएवढी चकचकीत चंद्रकोर.

बसवल्यानंतर

हवा वाढली म्हणजे पेट्रोलही वाढायला हवं. कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट एक-दोन मापांनी वर घेऊन, पूर्ण थ्रॉटलवर थोडं पळवून, तिथेच इंजिन बंद करून प्लग बघा. पांढरा प्लग म्हणजे एक्झॉस्ट सीट भाजतेय. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनाला, म्हणजे रिक्षांना वगैरे, साधी कास्ट रिंग घालू नका. कोरड्या इंधनाने सीट लवकर खचते, तिथे कठीण सिंटर्ड रिंग लागते. आणि माइल्ड स्टीलच्या तुकड्यातून लेथवर काढलेली रिंग कुठल्याच इंजिनाला नको.

पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापवा, रात्रभर गार होऊ द्या, हेडचे नट कंपनीच्या टॉर्कला आणि क्रमाने पुन्हा आवळा, टॅपेट सेट करून लिहा. त्यानंतर 200, 500 आणि 1000 किलोमीटरला थंड असताना फक्त मोजा आणि लिहा. पहिल्या 200 मध्ये 0.02-0.03 मिमी कमी होणं स्वाभाविक आहे. 200 ते 500 मध्ये 0.05 च्या वर गेलं तर रिंग खाली सरकतेय किंवा सीट खचतेय, आणि आता हेड उतरवलंत तर बाकी सगळं वाचतं.

भोसरी-चिंचवडला बोअरिंग करणारे कुशल हात भरपूर आहेत. पण ‘मोठे व्हॉल्व्ह बसवून द्या’ एवढंच सांगून हेड ठेवून येऊ नका. रिंग, व्हॉल्व्ह आणि गाईड सोबत द्या, आणि कागदावर लिहून द्या: गाईड आधी रीम करा, गाईडमध्ये दोन उंचींवर डायल 0.01, खड्डा रिंगेच्या मोजलेल्या व्यासापेक्षा 0.12 लहान, तळ काटकोनात, सीट रनआऊट 0.03 च्या आत. परत घेताना ते आकडे त्याच कागदावर भरून मागा. रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ नोंदीत बसणार नाही असा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आड येतं, तेव्हा रॅली-ट्रॅकचं हेड आणि रोजच्या गाडीचं हेड वेगळं ठेवणं बरं.

दोनदा खड्डा वाढवलेलं, पूल 2 मिमीच्या खाली गेलेलं किंवा पुलावर लाल रेघ उमटलेलं हेड पुन्हा मशीनवर चढवू नका. वेल्डिंग करून भरणाऱ्याला ॲल्युमिनियमची जात, आधी तापवणं आणि नंतरची हीट ट्रीटमेंट यांची पक्की माहिती असेल तरच तो मार्ग घ्या. नाहीतर दुसरं साबूत हेड शोधा आणि काम गाईडपासून सुरू करा.